पश्चिम टोकाचा पाहुणा

विमानतळावरच्या त्या रडारला आभाळाशी काही देणंघेणं नव्हतं. जमिनीवर, धावपट्टीच्या आसपास काय हलतंय, एवढंच ते सांगायचं. गाडी असो की विमान, पडद्यावर एक ठिपका. धुकं पडलं की टॉवरमधल्या माणसांना तेवढेच डोळे.

ते सांभाळणाऱ्या मेकॅनिकला त्याची एक खोड ठाऊक होती. हँगरचं लोखंडी दार अर्धवट उघडं राहिलं की लहरी त्यावर आपटून भलतीकडे जायच्या आणि धावपट्टीच्या पश्चिम टोकाला नसलेल्या गाडीचा ठिपका उमटायचा. त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं ते मेकॅनिकच्या भावोजींनीच. धावपट्टीवरची पाखरं हाकलणारी जीप ते चालवायचे. "आला का तुमचा पाहुणा? मग चहा टाका की," म्हणत टॉवरमध्ये डोकवायचे. दुरुस्ती जेमतेम चार तासांची, पण हसण्यावारी गेलेलं काम कोण अंगावर घेतो? मेकॅनिकने आज-उद्या करत तीन महिने काढले.

त्या सकाळी काचेबाहेर नुसतं पांढरं होतं. एक विमान उतरायच्या बेतात होतं. धावपट्टी सोडल्याचं भावोजींनी वायरलेसवर कळवलं होतं. आणि पश्चिम टोकाला ठिपका उमटला.

कंट्रोलर बाई मागे उभ्या असलेल्या मेकॅनिककडे वळल्या. "हा पाहुणाच ना? नाहीतर विमान परत वर पाठवते."

हँगरला एक फोन केला असता तर दार उघडं की बंद ते कळलं असतं. मेकॅनिकला तेवढाही कंटाळा आला.

"पाहुणाच," तो म्हणाला.

विमानातल्या कुणाला खरचटलंही नाही. जीपचा मात्र चेंदामेंदा झाला. मागच्या फळीवर एक मेलेली घार सापडली. तीच उचलायला भावोजी परत वळले होते, आणि वायरलेसने ऐनवेळी मान टाकली होती. हँगरचं दार थंडीमुळे पहाटेपासून घट्ट बंद होतं.

आठवड्याने तो ताईकडे गेला. दुसऱ्या दिवशी चौकशी होती, टॉवरमधलं बोलणं तिथे ऐकवणार होते. त्याआधी आपल्या तोंडून सांगायचं, असं ठरवून तो आला होता. भावोजींच्या चपला दाराशी तशाच होत्या. त्या बघून त्याचा धीर सुटला.

"सगळे म्हणतात, धुक्यात यंत्रालासुद्धा दिसले नाहीत," ताई म्हणाली. "तेवढंच मनाला समाधान. कुणाचा दोष नाही म्हणायचं."

हो म्हणून गप्प बसला असता तर निदान आजचा दिवस तरी ती त्याची राहिली असती.

"दिसले होते, ताई. मला विचारलं होतं. मीच पाहुणा म्हणालो."

हे नाव ताईला ठाऊक होतं. जेवताना या गोष्टीवर तिघं मिळून हसले होते.

मग तिने विचारलं, "किती वेळ दिसत होते?"

"चाळीस सेकंद."

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. सेकंदकाटा फिरत होता. ती बघत राहिली. त्यालाही बघावं लागलं. बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं, जिना चढून वर गेलं, तरी चाळीस झाले नव्हते.

झाले तेव्हा ती म्हणाली, "खूप वेळ असतो रे."