घंगाळावरचे नाव

भांडी बाजारातून तांब्याचे घंगाळ घेऊन सहादू पगारे घरी आला, तेव्हा सखुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने घंगाळ उचलून पाहिले, बोटाने वाजवून पाहिले आणि काठाखाली कोरलेली अक्षरे मोठ्याने वाचायला घेतली. वाचायला ती चाळिशी उलटल्यावर शिकली होती, नवऱ्यानेच शिकवले होते. तेव्हापासून दिसेल ती पाटी ती मोठ्याने वाचायची.

“चि. सौ. कां. गोदावरी हिस, वस्तादबाबा व सखुआजी यांजकडून.” वाचून झाल्यावर ती म्हणाली, “पत्रिकेचा पत्ता नाय, आन् तुम्ही नाव घालून मोकळे! नाव घातलेलं भांडं दुकानदार परत घेतो का?”

“परत कशाला द्यायचंय?”

“नाय, आपलं विचारलं.”

गोदावरी ही मल्हारीची मुलगी. मल्हारी मनमाडकडून आला, तेव्हा त्याला पान्ह्यावरचा नंबर कळत नव्हता. सहादूच्या हाताखाली तो अकरा वर्षे राहिला. त्या काळात गॅरेजात शिकवायचे म्हणजे आधी शिवी आणि मग फेकून मारलेला पान्हा. सहादूची रीत वेगळी. चूक झाली की तो इंजिन बंद करायचा, बोनेटला टेकून उभा राहायचा आणि विचारायचा, “आता तूच सांग, का झालं?” मग उत्तर येईपर्यंत थांबायचा, अर्धा दिवस गेला तरी. बुद्धविहाराच्या मागे सहादूचे दोन खोल्यांचे घर होते. तिथून येणाऱ्या डब्यातली बाजरीची भाकरी मल्हारीने अकरा वर्षे खाल्ली. पुढे आग्रा रोडवर त्याने स्वतःचे गॅरेज काढले. तोवर गोदावरी चालू लागली होती. बाप सामान मागायला यायचा, तेव्हा ही सहादूच्या फळीखाली बसून बेअरिंगच्या गोळ्या घरंगळवत खेळायची.

चैत्रात मल्हारी पेढे घेऊन आला होता. “वस्ताद, गोदीचं जमलं. सिन्नरची माणसं आहेत, घरदार मोठं आहे. जूनच्या शेवटाला धरू म्हणतायत. पहिली पत्रिका देवापुढं आणि दुसरी तुमच्या हातात!”

तो गेल्यावर सखुबाई म्हणाली होती, “उभ्याउभ्या पेढे दिले. पाणी बी नाय प्याला.”

“घाईत होता गं.”

“अकरा वर्षं नव्हती घाई. आताच बरी लागली.”

“माझ्या हाताखालचा माणूस आहे तो,” सहादू म्हणाला होता, आणि विषय तिथेच थांबला होता. घंगाळ आता खाटेखाली गेले, आणि दोघे पत्रिकेची वाट पाहू लागले. सखुबाई तोंडाने, सहादू मनातल्या मनात.

ते १९८४ साल. मेच्या मध्यावर एका सकाळी सहादूच्या गॅरेजसमोर पांढरी अँबॅसिडर येऊन थांबली. गाडी निफाडच्या देवरामशेठची. दोन हंगाम द्राक्षे चांगली पिकली आणि त्याने ही गाडी घेतली, वर मुंबईहून तिला एसी बसवून आणला. घरात पंखा नाही आणि गाडीत एसी, असे निफाडकर म्हणत. देवराम स्वतःही ते हसत सांगायचा. आज मात्र तो हसत नव्हता.

“मिस्तरी, लय फजिती झाली. रेल्वे फाटकात उभा ऱ्हायलो, एसी चालू. गाडी खोकली आन् मेली. फाटक उघडलं, मागं ट्रका बोंबलायल्या. शेवटी जावयाला खाली उतरवून धक्का मारायला लावला हो! आमची मंडळी दोन दिस बोलली नाय माझ्याशी.”

“पळताना बंद पडते?”

“छ्या! पळती घोड्यावानी. उभी असली आन् एसी लावला की संपलं. एसी बंद ठेवला तर उभी ऱ्हाते.”

“कधीपासून?”

“आठ दिस. मल्हारीकडं सर्व्हिसिंग केली, तवापासून. परत नेली तर त्यानं रेस वाढवून दिली. दोन दिस बरी चालली, पुन्हा तेच. आता त्याचं गॅरेज बंद हाय. जेजुरीला गेलाय.”

लग्नाआधी कुलदैवताला जाऊन येत असेल, असे सहादूच्या मनात आले, आणि त्याला बरे वाटले. आता आला की पत्रिका घेऊनच येईल.

त्याने बोनेट उघडले. घाई करणे त्याच्या स्वभावात नव्हते. पान्हा उचलण्याआधी तो गाडीजवळ नुसता उभा राहून ऐकायचा. आजही तसे ऐकून झाल्यावर त्याने इंजिन बंद केले आणि कंप्रेसरची पुढची चकती हाताने फिरवून पाहिली. ती कुठे अडत नव्हती. म्हणजे दोष एसीचा नव्हता. प्लग काढले, पॉइंटमधली फट मोजली, टायमिंग पाहिले, सगळे जागच्या जागी होते. रेसचा स्क्रू मात्र दीड आटा चढवलेला होता. सहादूने तो उतरवून मूळ जागी आणला, तसे इंजिन एसी न लावताच डचमळू लागले.

“दुखणं झाकलं होतं नुसतं,” तो म्हणाला. “शेठ, उपाशी माणूस स्वतःपुरता चालतो. डोक्यावर पाटी दिली की मटकन बसतो. तसं आहे हे. उभ्या गाडीचं इंजिन अगदी थोड्या पेट्रोलवर श्वास घेतं. त्यात भलतीकडून हवा शिरली की पेट्रोल पातळ पडतं. तरी ते कसंबसं तग धरतं. एसी म्हणजे वरचं ओझं. ते पेलत नाही.”

“आन् पळताना?”

“पळताना पोटभर मिळतं. तेवढ्याशा हवेनं काही बिघडत नाही.”

“मंग हवा शिरती कुठून?”

सहादूने तेलाची पिचकारी घेतली आणि चालू इंजिनवर एकेका जोडाशी थेंब थेंब तेल सोडत गेला. मधूनमधून तो कान देई. कार्बोरेटरच्या बुडाशी तेल पडले, आणि इंजिनाचा आवाज एकदम भरला. क्षणभर ते शहाण्यासारखे चालले. तेल आत ओढले गेले, तसे पुन्हा डचमळले.

“सापडलं. खालचं पॅकिंग.”

दोन नट काढून त्याने कार्बोरेटर उचलला. खाली पुठ्ठ्याचे पॅकिंग होते, पेट्रोलने भिजलेले, उष्णतेने कडेला आकसलेले. सहादूच्या कपाळाला आठी पडली. पहिल्याच वर्षी मल्हारीने पेढ्यांच्या खोक्याचे पॅकिंग कापून बसवले होते, आणि सहादूने त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवून विचारले होते, का झालं? शेवटी पोराने बरोबर सांगितले होते. पुठ्ठा पेट्रोल पितो, तापला की आकसतो, मग फट पडते. त्या दिवशी सखुबाईने त्याला जास्तीची भाकरी वाढली होती.

सहादूने तो पुठ्ठा अलगद सोडवून उलटा केला. मागच्या बाजूला सोनेरी अक्षरे होती. मधले भोक पाडताना बरीच गेली होती. वरच्या कडेला ‘चि. सौ. कां. गोदा’ एवढे राहिले होते. खाली ‘गुरुवार दि. ३ मे’ आणि ‘सिन्नर’. बोल्टच्या भोकाशेजारी ‘सहकुटुंब’ हा शब्द अख्खा होता.

त्याने ते दोनदा वाचले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. आज चौदा तारीख होती.

“शेठ, गोदीचं लग्न झालं?”

“झालं की! सिन्नरात झालं, झ्याक झालं. मी होतो ना. तुम्ही कुठं दिसला नाय. मला वाटलं, तुमची पंगत येगळी...” देवरामने जीभ चावली. बराच वेळ तो चावीची जुडी बोटावर फिरवत राहिला. “व्याही जरा जुन्या वळणाचे हायेत, मिस्तरी. कोण कोण येणार त्याची यादी मागितली म्हणं आधी. मल्हारीचा बी नाइलाज असंल.”

“पत्रिका कमी पडल्या असतील,” सहादू म्हणाला.

देवराम भोळा माणूस. सहादूला धीर द्यायचा की खरे सांगायचे, हे त्याला वेळेवर सुचले नाही. “कमी कशाच्या? गठ्ठा पडलाय की त्याच्या गॅरेजात...” आणि तो पुन्हा थांबला.

सहादूने फळीवरून पॅकिंगचा चांगला कागद काढला. कार्बोरेटरचे बूड त्यावर ठेवून पेन्सिलीने आखले, कात्रीने कापले, भोके पाडली. नव्या पॅकिंगवर त्याने ग्रीसचे बोट फिरवले, कार्बोरेटर बसवला, दोन्ही नट आलटून पालटून आवळले, मग रेसचा स्क्रू नीट लावला. देवरामने एसी चालू केला. इंजिन जरासे दबले, सावरले आणि एका लयीत चालत राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

“वा, मिस्तरी! मल्हारीचे वस्ताद ते वस्ताद!”

सहादूने जुना पुठ्ठा फडक्याने टिपला, पाकिटात घातला आणि देवरामच्या हातात दिला.

“तो आला की हे त्याला द्या. म्हणावं, पत्रिका पोचली.”

“आवं, जाऊ द्या ना आता.”

“जाऊ दिलंय, शेठ. म्हणून तर तुमच्या हाती देतोय. नाहीतर स्वतः गेलो असतो आणि त्याच्यापुढं उभा राहून विचारलं असतं, का झालं? त्याला उत्तर येतं. आलेलं उत्तर ऐकून मी काय करू?”

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने सखुबाईला दोनच शब्द सांगितले. “लग्न झालं.”

इतके दिवस टोमणे मारणारी सखुबाई आता बोलेल, मी म्हणत होते ना, असे काहीतरी म्हणेल, म्हणून तो वाट पाहत उभा राहिला. ती बोलली असती तर त्याला बरे वाटले असते. पण तिने चुलीवरचा तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि खाटेखाली पाहत विचारले, “पोरीला ठावं असंल का, आपल्याला बोलावलं नाय ते?”

“कोणाला माहीत.”

“आन् ह्याचं काय करायचं?”

सहादूने वाकून घंगाळ खाटेखालून बाहेर ओढले.

सकाळी तो घंगाळ सायकलच्या कॅरिअरला बांधून गॅरेजात घेऊन गेला. मळके नटबोल्ट धुवायचा त्याचा पत्र्याचा डबा गळका झाला होता. त्याने घंगाळ फळीखाली ठेवले, जिथे एक मुलगी बेअरिंगच्या गोळ्या खेळत बसायची तिथे, आणि त्यात रॉकेल ओतले. नाव कोरलेली बाजू बाहेर आली होती. ती त्याने फिरवून भिंतीकडे केली आणि तेलकट नटबोल्ट एकेक करून आत सोडायला सुरुवात केली.