सातबाऱ्यावरची कौशल्या

खापरखेड्याच्या वीजकेंद्राची उंच चिमणी दिसली की आमचं शेत आलं, ही लहानपणीची खूण. कार्तिकात कापूस फुटला की वेचणीआधी सीतादही व्हायची. पहिल्या झाडाला हळदकुंकू लावायचं, शेतात दहीभात उडवायचा आणि पहिलं बोंड घरच्या लेकीनं तोडायचं. बाबा म्हणायचे, "चाल वं कौशल्ये, तुह्या हाताशिवाय वेचणी सुरू होत नाही." मग मी दिवसभर मालकिणीच्या तोऱ्यात. धाकटा भाऊ मार्तंड दह्याचा गडवा धरून मागून यायचा आणि वाटेत बोट घालून दही चाटायचा. मी बाबांना कधी सांगितलं नाही.

बाबा गेले. तेरवीला चुलत्यानं भर पंगतीत विचारलं, लेक सातबाऱ्यावरून नाव काढते का? मार्तंडनं मान खाली घातली. एक शब्द बोलला नाही. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपरवर हक्क सोडल्याची सही ठोकली, आधार अन् पासबुकाच्या झेरॉक्स त्याच्यापुढे आदळल्या आणि म्हटलं, पुढचं तू निस्तर. शहरात प्रताप नगरच्या माझ्या घरी आले ती सहा वर्षं शेताकडे फिरकले नाही. भाऊबीजेला त्याची साडी यायची. मी घडीही मोडत नसे. रागीट आहेच मी.

मग लॉकडाऊन लागला. एका सकाळी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला: शेतकऱ्यांसाठी सरकारची मदत, दोन हजार रुपये जमा. मी शेतकरी? मला वाटलं, कोणी फसवतंय. शेवटी सहा वर्षांनी स्वतःहून मार्तंडला फोन लावला.

"मदतीची यादी करताना तलाठ्यानं विचारलं, सातबाऱ्यावर नावं किती? मी म्हटलं, दोन. तुह्या झेरॉक्स घरीच होत्या, देल्ल्या."

"दोन कशी? मी सही केली होती ना?"

"तो कागद पेटीत आहे, बाई."

"काहून? दाखल नाही केला?"

"तू रागात सही केली होती. रागाची सही मी कचेरीत काहून नेऊ? तेरवीले बोलायले पाह्यजे होतं मले. तोंडच उघडलं नाही."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रडले. सहा वर्षं ज्याला मनात शिव्या घातल्या, त्यानं माझं नाव तसंच जपून ठेवलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे कळलं की आमच्या घरी सरकारी पेन्शन येत असल्यानं ती मदत आम्हाला चालत नाही. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पैसे परत करायचे होते. पैशांबरोबर नावही जाईल का? पुन्हा मार्तंडला विचारलं.

"पैसे वापस कर, बाई. नाव कोण मागून राहिलं? मी तलाठ्याले विचारून आलो. राहते."

मी बँकेत जाऊन दोन हजार भरले. क्लार्कनं पावतीवर शिक्का मारला. दोन हजार देऊन इतकी खूश झालेली बाई त्यानं पाहिली नसावी.

त्या कार्तिकात वाटा मोकळ्या झाल्या होत्या. मी त्याची एक साडी घडी मोडून नेसले आणि शेतात गेले. मार्तंड बांधावर उभा होता, मास्क हनुवटीवर, केस पिकलेले, हातात तोच पितळेचा गडवा. मी इतक्या वर्षांचं काही बोलणार होते, पण तो म्हणाला, "चाल वं, तुह्याचसाठी थांबून राहिलो. बायका वेचणीले उभ्या आहेत."

मी पहिल्या झाडाला हळदकुंकू लावलं. दहीभात कालवायला गडव्यावरचं फडकं काढलं, तर घट्ट दह्यात बोटाएवढा खड्डा.

मार्तंडनं दुसरीकडे पाहिलं. मी कोणाला काही सांगितलं नाही.