शहापूरपर्यंत पाय

शहापूरच्या अलीकडे मोटरसायकलची चेन तुटली आणि आंधळगावचे भय्याजी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गाडी ढकलू लागले. तेवढ्यात उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला.

"बसा गाडीवर. मी पाय लावतो."

त्याने भय्याजींच्या मागच्या फुटरेस्टला पाय टेकवला आणि आपल्या गाडीच्या जोरावर त्यांचीही गाडी पुढे रेटली.

"कुठचा तू?" भय्याजींनी समोर पाहतच विचारलं.

"सानगडीचा. तुमचं कोणी हाय का तिथं?"

भय्याजींची मूठ हँडलवर आवळली. त्यांच्या मनाविरुद्ध खुशबूनं, त्यांच्या एकुलत्या पोरीनं, सानगडीच्याच मुलाशी लग्न केलं होतं. जावयाचं तोंड पाहणार नाही, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

गॅरेजपर्यंत त्यानं पाय काढला नाही. मग खाली उतरला, ज्या फुटरेस्टला पाय लावला होता त्याला हात लावून तो हात कपाळाला टेकवला. रस्त्यावर मदत करणारा कोणी एवढं करत नाही. भय्याजी त्याच्याकडे बघतच राहिले.

"दुपट्टा तं सोड," शेवटी ते म्हणाले.

"कसा सोडू, मामाजी? तोंड पाहणार नाही म्हटलं ना तुमी."

भय्याजींनी स्वतःच त्याच्या मानेमागची गाठ सोडायला घेतली. चेनीच्या ऑइलनं माखलेल्या बोटांचे डाग दुपट्ट्यावर उमटले.

"काळा झाला," ते पुटपुटले. "खुशबूले सांगजो, बाबानं केला म्हणून."