तम्माण्णाचा दुखवटा

"त्येला सांग, दुसरी खोली बघ म्हणावं," आक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "म्हयना सरायच्या आत."

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई आणि 'त्येला' म्हणजे वरच्या खोलीतल्या टोमाशला. नाव घेण्याइतकाही तो आता त्यांच्या मर्जीत उरला नव्हता. घरात कुणाला वाईट बातमी द्यायची असली की ती कामगिरी माझ्याच गळ्यात पडते. मी हायस्कुलात शिकवते, तेव्हा मला बोलता येतं, असा सगळ्यांचा समज आहे.

टोमाश चेक प्रजासत्ताकातला. पंचावन्नचा, एकटा, उंच आणि जरा वाकलेला. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत ओतकामाचे साचे तपासतो. कंपनी शहरात फ्लॅट देत होती, पण याला कळंब्याचा तलाव आवडला आणि तो आमच्या घरावरच्या खोलीत राहायला आला. त्याला आता अडीच वर्षं झाली. आक्कांनी पहिल्याच दिवशी त्याच्या नावाचा निकाल लावला. त्यांचं माहेर कुरुंदवाडचं, तिकडे दोन घरांआड एक तम्माण्णा असतो. हाही तम्माण्णाच झाला.

त्याला आम्ही पहिला शब्द शिकवला तो 'येतो'. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, हे त्याला इतकं आवडलं की तो ज्याला त्याला 'येतो' म्हणत सुटला. इस्त्रीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि एकदा तर आमच्या म्हशीला. आक्का हसून हसून बेजार व्हायच्या.

बिघडलं ते दीड महिन्यापूर्वी. आक्कांचा धाकटा भाऊ, आमचे आकाराममामा, अचानक गेले. आक्का कुरुंदवाडला मातीला गेल्या, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन उरकून परत आल्या आणि बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या. सगळी गल्ली भेटून गेली. जिच्याशी नळाच्या पाण्यावरून चार वर्षं अबोला होता ती बाईसुद्धा अर्धा तास बसून गेली. फक्त वरचा आला नाही. वरचा जिना आमच्या दाराला लागूनच आहे. हा माणूस बारा दिवस बूट हातात घेऊन, मोज्यांवर, मान खाली घालून त्या जिन्यानं चढत-उतरत होता. दाराखालून त्यानं एक पाकीट मात्र सरकवलं होतं. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचं दुःख ऐकून वाईट वाटलं, या दिवसांत मी तुम्हाला त्रास देणार नाही. मी शहाणपणानं त्याचं मराठी करून आक्कांना वाचून दाखवलं.

"तरास कोण म्हटलं व्हतं त्येला?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच्याकडची रीत तशी असणार, हे मला कळत होतं. तरी मी आक्कांना समजवायला गेले नाही. खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. अडीच वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या दारावरून असं चोरपावलांनी जायचं म्हणजे काय?

तर मी वर गेले. सकाळचे साडेसात वाजले होते. जिना चढता चढता मी इंग्रजीत वाक्य जुळवत होते, की आम्हाला खोली लागणार आहे वगैरे. दार उघडंच होतं. गॅसवर ऑम्लेट होतं आणि टोमाश शर्टाला इस्त्री करत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, की शनिवारी दोन आठवड्यांसाठी घरी जाणार आहे, कुंडीला पाणी घालाल का?

सुट्टी का, मी विचारलं.

आई वारली, तो म्हणाला. परवा.

मी आठवून पाहिलं. परवा आई गेली आणि काल हा नेहमीसारखा कामावर गेला होता. येताना मंडईतून टोमॅटोसुद्धा घेऊन आला होता. अंत्यसंस्कार पुढच्या मंगळवारी आहेत, बहीण सगळं बघते आहे, तिकडे असे आठ-दहा दिवस लागतातच, हे सगळं तो मान वर न करता सांगत होता. शर्टाच्या एकाच कॉलरवरून इस्त्री चार वेळा फिरली. कुणाला सांगितलंस का, असं विचारलं तर नाही म्हणाला. तुमच्या घरात आधीच दुःख, त्यात माझं आणखी कशाला.

मी जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन खाली आले आणि आक्कांना सांगितलं. त्यांचा पिठातला हात थांबला.

"आन काल कामावर गेलता?"

"हो. माती मंगळवारी आहे म्हणे."

"मंगळवारपतोर माणसानं करायचं काय मग?"

 ते त्यालाही सुचलं नसणार, म्हणून तर इस्त्री चालली होती.

आक्का उठल्या. त्यांचे गुडघे गेलेत, वर्षभरात त्या जिना चढल्या नव्हत्या. आमच्यासाठी केलेल्या भाकऱ्या त्यांनी फडक्यात बांधल्या, पिठल्याची वाटी माझ्या हातात दिली आणि कठड्याला धरून चढायला लागल्या. अर्ध्यावर थांबल्या. मला वाटलं, आता मागं फिरतात.

"दम खाऊ दे," त्या म्हणाल्या.

वर गेल्यावर त्यांनी आधी गॅस बंद केला. मग इस्त्रीचं बटण बंद केलं. "आज हितं चूल पेटायची न्हाय," असं सांगून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि शेजारच्या फरशीवर हात आपटला. टोमाशनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो लांब पाय कसेबसे दुमडून बसला. हातात शर्ट तसाच होता.

 खाली कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला तसा तो उठायला लागला. आक्कांनी त्याचा दंड धरला. मी खिडकीतून ड्रायव्हरला हातानं 'जा' म्हटलं. गाडी गेली.  बऱ्याच वेळानं आक्कांनी विचारलं, "आईचं नाव काय?"

एवढं मराठी त्याला येत होतं. "लुडमिला."

"लुडमिला," आक्का म्हणाल्या. टोमाशचा तम्माण्णा करणारी ही बाई ते नाव पहिल्या झटक्यात बरोबर म्हणाली. मग त्यांनी विचारलं, आई काय करायची? ट्राम चालवायची, बत्तीस वर्षं. ट्राम म्हणजे काय ते मी सांगितलं.

"बाईमाणूस? येवढी गाडी?" आक्कांनी मान डोलवली. "धीराची व्हती की."

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि टोमाशचं तोंड वाकडं झालं. त्यानं अर्धवट इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसलं. पंचावन्न वर्षांचा माणूस असा हुंदके देऊन रडताना मी कधी पाहिला नव्हता. आक्कांनी त्याला गप्प केलं नाही. पाठीवर हात ठेवून बसल्या.

"रड," त्या म्हणाल्या. "दोन दीस कशाला साठवून ठेवलंस?"

मग त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून त्याच्या हातात दिला. तो खाऊ लागल्यावर त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्याकडे न बघता खाली निघून गेल्या.

टोमाश घाबरला. आक्का अजून रागावल्यात का, न सांगता का गेल्या, असं मला विचारू लागला. मी म्हटलं, दुखवट्याच्या घरातून निघताना आपल्यात 'येतो' म्हणत नाहीत. अशा कामासाठी परत यायला लागू नये म्हणून. मग राहवेना, तेव्हा बाकीचंही सांगून टाकलं, की आपल्यात दुखवट्याच्या घरी जाऊन बसतात. आक्का बारा दिवस दाराकडे बघत होत्या, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग आपल्या मोज्यांकडे बघत बसला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. दीड महिन्यापूर्वीच हे सांगायला मला काय धाड भरली होती?

शनिवारी सकाळी जिन्यावर बूट वाजले. दारात त्याला पुण्याच्या विमानतळावर नेणारी गाडी उभी होती. टोमाशनं बॅग बाहेर ठेवली, बूट काढले, सोप्यात आला आणि आक्कांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. निरोप घ्यायला आला असेल, असं मला वाटलं.   थोड्या वेळानं त्यानं घोकून आणलेलं वाक्य म्हटलं.

"आक्का, आकाराममामा काय काम करत होते?"

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. दीड महिना उशीर झाला होता आणि त्या तसं म्हणू शकल्या असत्या.

"इंजनं दुरुस्त करायचा," त्या म्हणाल्या. "नदीकाठची, पाण्याची. पूर आला की रातच्याला लोकांची इंजनं वर वढून काढायचा. सोताचं ऱ्हायलं तर ऱ्हायलं." आणि त्या सांगतच राहिल्या. भेटायला आलेल्यांपैकी प्रत्येकानं मामा कसे गेले ते विचारलं होतं. काय करायचे, ते कुणी विचारलं नव्हतं. टोमाशला त्यातलं निम्मं तरी कळलं की नाही कोण जाणे, पण तो मान खाली घालून ऐकत होता. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली.

मग तो उठला. इतक्या लांब निघालेला माणूस, तिकडे आता बहीण एकटी. परत फिरेल न फिरेल. मला त्याच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचाच होता. म्हशीलासुद्धा 'येतो' म्हणणारा हा माणूस. त्यानं बूट घातले, बॅग उचलली आणि मागं न बघता, काही न बोलता गाडीत जाऊन बसला.

गाडी वळेपर्यंत आक्का दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

"आक्का," मी विचारलं, "खोलीचं काय सांगायचं त्याला?"

"कसल्या खोलीचं?" आक्का म्हणाल्या. "जा, कुंडीला पाणी घाल. आन त्येचे शर्ट दोरीवर वाळल्यात, त्येवढे घडी घालून ठेव."