मागे बसलेलीची चूक

पुण्यात प्रत्येकाला कुणाला तरी काहीतरी शिकवायचं असतं. सुदर्शनला वळणं शिकवायची होती. आठवडाभर खराडीत कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि रविवारी सकाळी कोथरूडच्या एका मंगल कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत मोटरसायकलवाले गोळा करून, वळणावर माणसं का पडतात ते सांगायचं, हा त्याचा नेम. सांगायचा मात्र छान. "वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक आवळायचा नाही. आणि नजर ठेवायची वळण सुटतं तिथे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल." ग्रुपमध्ये त्याला सगळे सर म्हणत आणि ते त्याला मनापासून आवडे.

ग्रुपचा एक नियमही त्यानेच घातला होता. जो पडेल त्याने पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून कसा पडलो ते सांगायचं, त्याशिवाय मिसळीला बसायचं नाही. लोक लाजत लाजत सांगत आणि ऐकणारे शहाणे होत.

मग एके दिवशी सर स्वतःच पडले. ताम्हिणी घाटात, बायकोला मागे बसवून. सरांचं कोपर खरचटलं, उत्कर्षाचं उजवं मनगट मोडलं. मागून आलेले मित्र धावले, तर त्यांनी काही विचारायच्या आत हा म्हणाला, "ही ऐन वळणात उलटीकडे झुकली. मी काय करणार?" तोंडातून निघून गेलं. तेव्हाच गिळता आलं असतं, पण मित्रांनी माना डोलावल्या. उत्कर्षा वेदनेने पांढरीफटक पडली होती, तशातही तिने विचारलं, "झुकले का रे मी? मला कळलंच नाही." सुदर्शन गप्प राहिला. गप्प राहण्याइतकं सोपं खोटं दुसरं नसतं.

त्याच्या आईला, शालनताईंना, तेवढं निमित्त पुरलं. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्या म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंना गणित येतं, गाडीवर बसता येत नाही." उत्कर्षा म्हणायची, "चुकलं हो आई." घरी चालणाऱ्या गणिताच्या शिकवणीत ती डाव्या हाताने फळ्यावर लिहायची, पोरं हसायची, तीही हसायची. सुदर्शन शेजारच्या खोलीत लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचा आणि त्याची कानशिलं तापायची.

एका संध्याकाळी तो लवकर घरी आला. उत्कर्षा सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसली होती. समोर फोनवर व्हिडिओ चालू होता आणि त्यातला चालवणारा झुकेल तशी ती झुकत होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. त्याला पाहून ती ओशाळली. "पुन्हा नको ना रे असं व्हायला," म्हणाली. सुदर्शनला स्वतःची किळस आली. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं त्याला वाटलं. आणि त्याने विचारलं काय, तर चहा टाकू का.

रविवारी ती त्याच्याबरोबर निघाली. "नियम आहे ना तुमचा? चूक माझी, तर मीच सांगते." तिला थांबवायला हवं होतं. सरांनी थांबवलं नाही.

उत्कर्षा सगळ्यांसमोर उभी राहिली आणि मागे बसणाऱ्याने कसं बसू नये ते तिने प्रामाणिकपणे सांगितलं. बोलून झाल्यावर खडकीहून नव्यानेच येऊ लागलेल्या अक्षताने हात वर केला.

"ताई, मागचं माणूस जरा चुकीचं हललं की गाडी पडतेच का? माझ्या आईला मी गाडीवरूनच दवाखान्यात नेते. तिला तोल सांभाळता येत नाही. मग तिला बसवूच नको का?"

"मलाही ते नीट कळलेलं नाही," उत्कर्षा म्हणाली. "सर सांगतील."

सगळ्यांच्या माना वळल्या. उत्तर सुदर्शनला पाठ होतं, तेच तर दुखणं होतं. खोटं बोलावं तर ही मुलगी उद्यापासून आईला गाडीवर घेणार नाही. खरं बोलावं तर आपण गेलो.

"आईला बसव," तो म्हणाला. "तेवढ्याने गाडी पडत नाही. आमची मी पाडली. वेग जास्त होता, वळण पुढे आवळत गेलं. मला कठडा दिसला आणि मी कठड्याकडेच बघत राहिलो. घाबरून पुढचा ब्रेक दाबला. उत्कर्षा हललीसुद्धा नव्हती."

ग्रुपमधले सगळ्यात वयस्कर वैजनाथकाका म्हणाले, "म्हणजे सर, जे जे करू नका म्हणता, ते सगळं एकाच वळणात उरकलंत."

उत्कर्षा हसली नाही. "मग आईंना मी इतके दिवस चुकलं चुकलं म्हणत होते, ते कशाबद्दल?"

सुदर्शन दोन पावलं तिच्याकडे आला.

"फोन लाव त्यांना. स्पीकरवर."

त्याने लावला. पलीकडून शालनताईंचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू आला. "काय रे, आज परत पाडलं की काय तिने?"

इतक्या लोकांना नजर कुठे ठेवायची ते शिकवणाऱ्या सरांना स्वतःची नजर कुठे ठेवावी ते कळेना. "आई," तो म्हणाला, "तिने पाडलंच नव्हतं. मी पाडलं. आणि नाव तिचं सांगितलं."

पलीकडे चाललेला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मग शालनताई हळू आवाजात म्हणाल्या, "तिला दे फोन."

सुदर्शनने फोन पुढे केला. तोवर उत्कर्षा फाटकापाशी पोचली होती आणि डावा हात वर करून रिक्षा थांबवत होती.