पंख्याची चौकशी

पंखा लावून आणि बंद करून मी खोलीचं तापमान मोजलं, तर दोन्ही वेळा आकडा एकच आला. मी ऐटीत बाबांना सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

"मग वीज कशाला जाळायची?" म्हणत त्यांनी पंखा बंद केला.

आई घामाने निथळत म्हणाली, "संशोधक बाई, आता तुम्हीच निस्तरा."

मग मी थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली आणि पंखा लावला. पारा भराभर उतरला.

"बाबा, थर्मामीटरला घाम येत नाही, आपल्याला येतो. वाऱ्याने तो वाळतो, म्हणून गार वाटतं."

बाबा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन थेट पंख्याखाली, आईच्या जागेवर जाऊन बसले. म्हणाले, "प्रयोग माणसावरही करून बघायला हवा."