सात लाल चिंध्या

"सहाच आहेत," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

बाकावर लाल कापडाचे सहा तुकडे ओळीने मांडलेले होते. समोर पांढरी पिकअप बॉनेट उघडून उभी होती. तीन दिवस खपून मास्तरांनी आणि त्यांच्या मुलीने तिच्या साध्या इंजिनाला टर्बो बसवला होता. शेवटचा नट आवळून झाला होता. आता फक्त किल्ली फिरवायची बाकी होती.

"सहाच होत्या, बाबा," मुलगी हात पुसत म्हणाली.

"सात."

गॅरेजच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर गाडीच्या मालकीणबाई बसल्या होत्या. त्या लाकडी पेट्यांत मधमाश्या पाळत, म्हणून सगळे त्यांना पेटीवाल्या बाई म्हणत. त्यांनी एकदा बापाकडे पाहिले, एकदा लेकीकडे, आणि मग उगाच रस्त्याकडे पाहत राहिल्या.

मास्तरांचे खरे नाव लोक विसरून गेले होते. ते चिंधीमास्तर झाले होते ते या कापडांमुळेच. इंजिनाची कुठलीही नळी सोडवली की तिचे तोंड उघडे पडते. त्या तोंडातून एखादा वॉशर, वाळूचा एखादा खडा जरी आत गेला, तरी पुढे तो काय करील याचा नेम नसतो. म्हणून नळी सुटली रे सुटली की मास्तर तिच्या तोंडात लाल चिंधी कोंबत आणि तिचे वीतभर शेपूट बाहेर लोंबते ठेवत. नळी पुन्हा जोडताना चिंधी काढायची. गाडी चालू करण्याआधी सगळ्या चिंध्या बाकावर मांडायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर आल्या, तरच किल्लीला हात लावायचा. चाळीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. शेजारचे मिस्त्री विचारत, "मास्तर, गाडी दुरुस्त करताय की कपडे वाळत घालताय?" मास्तरही हसत आणि मोजत राहत.

पण गेल्या काही महिन्यांत मास्तरांच्या हातून काहीतरी निसटू लागले होते. एकदा दहाचा पाना जेवणाच्या डब्यात सापडला. चहाचा कप समोर रिकामा असताना ते विचारत, आज चहा नाही का. मुलीला कधीकधी तिच्या आत्याच्या नावाने हाक मारत. मुलगी काही बोलत नसे. संध्याकाळी ते घराकडे निघाले की ती मागे थांबे आणि त्यांनी आवळलेला प्रत्येक नट पुन्हा तपासून पाही. मास्तरांना ते ठाऊक होते. तेही काही बोलत नसत.

म्हणून आजचा प्रश्न नुसत्या एका चिंधीचा नव्हता. सातवी चिंधी असेल, तर ती आत कुठेतरी अडकली होती. ती नसेलच, तर मास्तरांचे डोके त्यांना सोडून चालले होते. दोन्हींपैकी एक खरे होते आणि त्यातले कुठलेच बरे नव्हते.

मुलीने हिशेब मांडला. सातातली एक चिंधी गेल्या महिन्यात फाटली आणि कचऱ्यात गेली, तिने स्वतः टाकली. राहिल्या सहा. मास्तर म्हणाले की तिच्या जागी नवी कापली. कधी, असे मुलीने विचारले. मास्तरांना दिवस आठवेना. कुठल्या कापडातून, तेही आठवेना. कपाळावर हात ठेवून ते उभे राहिले.

बाईंना उद्या पहाटेच निघायचे होते. वरच्या पठारावर फुलोरा आला होता. तो पंधरा दिवस टिकतो, आणि त्या पंधरा दिवसांवर बाईंचे वर्ष निघते. पेट्या हलवायच्या त्या अंधारात, माश्या आत झोपलेल्या असताना, आणि ऊन चढायच्या आत वर पोचायचे. चौदा किलोमीटरचा चढ होता. गेल्या वर्षी बत्तीस पेट्या घेऊन ही गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत निघाली, अर्ध्या वाटेत तापली आणि उभी राहिली. बाईंनी पेट्यांची दारे उघडायच्या आत ऊन त्यांच्यावर आले. आतले मेण वितळून पोळी कोसळली. अकरा पेट्यांमधल्या माश्या स्वतःच्याच मधात बुडून मेल्या. त्या पेट्या धुताना आपण कितीदा हात मागे घेतला, हे बाईंनी टर्बोची चौकशी करायला आल्या तेव्हाच सांगितले होते.

"एकदा चालू करून बघू या का?" मुलीने हळूच विचारले. "नाहीतर परत सगळं उघडायचं म्हणजे संध्याकाळ होईल."

मास्तरांनी बाकावरच्या सहा चिंध्यांकडे पाहिले.

"हे बघ," ते म्हणाले. "सात असतील आणि मी चालू केली, तर यांची गाडी जाईल. सहा असतील आणि मी उघडली, तर फक्त माझी अब्रू जाईल. उघडू."

त्यांनी पाना उचलला.

जोडताना जो क्रम होता, त्याच्या उलट क्रमाने एकेक जोड सुटू लागला. हवा आत घेणारी नळी रिकामी निघाली. धुराकडचे तोंडही रिकामेच होते. टर्बोतून तेल परत जाते ती नळी, तीही रिकामी. प्रत्येक वेळी मुलगी विजेरी धरी, मास्तर वाकून पाहत, आणि दोघे पुढच्या जोडाकडे जात. पाचवा जोड सुटला तेव्हा मुलीने विजेरी खाली केली. बापाचा चेहरा बघवत नव्हता.

मग पेटीवाल्या बाई खुर्चीवरून उठल्या.

"मास्तर, काल मी तुम्हाला विचारलं नव्हतं का, हे टर्बो म्हणजे असतं तरी काय म्हणून? तेव्हा तुमच्या हातात कुठली नळी होती?"

मास्तरांना ते लख्ख आठवले. तो त्यांच्या जिवाभावाचा प्रश्न होता. त्यांनी हातातले काम सोडून टर्बोच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्याचे भिरभिरे केले. चालू असलेल्या दुसऱ्या गाडीच्या धुराच्या नळीपाशी ते धरले. ते गरगर फिरू लागले. "बघा ताई," ते म्हणाले होते, "गाडी जो श्वास टाकून देते, तो एरवी वायाच जातो. आपण त्याच्या वाटेत हे चाक ठेवलं. याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक. हे फिरलं की ते फिरतं, आणि ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त दम. चढावर गाडीला हाच दम लागतो." दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत गार करायला पुढे ती जाळीची पेटी बसवली, हेही त्यांनी सांगितले. बाईंनी भिरभिरे हातात घेऊन स्वतः फुंकून पाहिले होते. आणि मास्तरांनी बोलता बोलता, एका हाताने, त्या जाळीच्या पेटीवर रबरी नळी चढवली होती.

"गार करायची पेटी," मास्तर म्हणाले. "इंजिनाकडचं तोंड."

नळी निघाली. विजेरीत काहीच दिसले नाही. मुलीने बोटे आत घातली, मनगट वळवले आणि आतला कोपरा चाचपला. मग ती थांबली. हळूहळू हात बाहेर आला, आणि त्याच्यामागून चिंधी. बाकीच्या सहा धुऊन धुऊन विटकरी झाल्या होत्या. ही मात्र कोरी, लालभडक होती. रबरी नळी चढवताना तिचे शेपूटही आत ढकलले गेले होते. किल्ली फिरवली असती, तर इंजिनाने पहिल्याच श्वासाला ती ओढून घेतली असती.

मग बाई म्हणाल्या की दोष त्यांचाच, ऐन कामात नसते प्रश्न विचारले.

"विचारणाऱ्याचा दोष कधीच नसतो, ताई," मास्तर म्हणाले. "सांगणाऱ्यानं हातातलं खाली ठेवून सांगावं."

मुलगी चिंधी पिळत उभी होती. आपण सहाच म्हणत होतो, असे काहीतरी ती पुटपुटली.

"मोजायला नाही विसरलो मी," मास्तर म्हणाले. "काढायला विसरलो. म्हणजे तुझी काळजीही बरोबर आणि माझी मोजणीही." त्यांनी चिंधी तिच्या हातातून घेऊन बाकावर ठेवली. "रोज संध्याकाळी माझे नट तपासतेस ना?"

मुलीने मान खाली घातली.

"आता माझ्या मागे नको तपासूस. समोर उभी राहून तपास."

सगळे पुन्हा जोडायला संध्याकाळ झाली. या वेळी मास्तर जोडत होते आणि मुलगी प्रत्येक चिंधी स्वतः काढून बाकावर ठेवत होती. डिझेल बंद ठेवून त्यांनी आधी इंजिन नुसतेच फिरवले, नव्या टर्बोच्या दांडीपर्यंत तेल पोचेतो. मग मुलीने सातपर्यंत मोठ्याने मोजले आणि किल्ली बाईंच्या हाती दिली. इंजिन एका झटक्यात बोलले. आवाज नेहमीचाच होता, फक्त त्याच्या खाली एक बारीक शीळ होती. मास्तर ती ऐकत उभे राहिले, तान्ह्याचा श्वास ऐकावा तसे.

आपण बसवलेल्या गाडीच्या पहिल्या भरल्या फेरीला सोबत जायचे, हाही त्यांचा नेम होता. पहाटे तिघे पुढच्या सीटवर दाटीने बसले. मागे बत्तीस पेट्या, ओल्या गोणपाटाने झाकलेल्या. गेल्या वर्षी गाडी जिथे उभी राहिली होती, त्या वळणावर बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. शीळ किंचित वर चढली आणि वळण मागे पडले. बाईंनी बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. "तुमच्यातही टर्बो बसवलाय वाटतं," मास्तर म्हणाले. मुलगी हसली, मग बाईही.

पठारावर पोचले तेव्हा सूर्य उगवायचा होता. बाईंनी किल्लीला हात घातला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "दोन मिनिटं. आतलं चाक अजून तापलेलं आहे. धावून आलेल्याला एकदम निजवू नये, आधी दम खाऊ द्यावा."

मुलीने घड्याळ पाहिले. दोन मिनिटे झाल्यावर तिने सांगितले आणि इंजिन बंद झाले. मग मागचा आवाज ऐकू आला, बत्तीस पेट्यांची दाट गुणगुण. बाईंनी एकेका पेटीला तळहात लावत फेरी मारली. बत्तिसाव्या पेटीपाशी त्या तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या, हात पेटीवर ठेवून.

"एकही तापली नाही, मास्तर," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये एक टेम्पो आला. मास्तरांनी चष्मा पुसला, खणातून सात चिंध्यांची घडी काढली, धुतलेली, आणि नेहमीसारखी खांद्यावर टाकली नाही. ती त्यांनी मुलीच्या हातात दिली. मग ते बॉनेटखाली वाकले. पहिली नळी सुटली तेव्हा त्यांनी मागे न बघता हात पुढे केला.

तिने त्यावर चिंधी ठेवली.

"एक," ती म्हणाली.